चिंतेला सामोरें जाण्याची विद्या

चिता आणि चिंता यांच्यांत एका अनुस्वाराचेंच काय तें अंतर आहे, ही उक्ति आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणींच ऐकिली असेल. चिता मेलेल्याला जाळते व चिंता जिवंताला जाळते, असा तिचा आशय. उक्ति खरी आहे. पण तिच्यांत एक उणीव आहे. चिंता जाळते एवढें ती सांगते. जळणाऱ्यानें काय करावें, आणि त्याच्या शेजारीं बसलेल्यानें काय करावें, हें मात्र ती सांगत नाहीं. या प्रश्नाचें उत्तर गेल्या दीडशें वर्षांत कसें शोधलें गेलें, वैद्यांना व मानसशास्त्रज्ञांना त्यांत कोठें ठेंच लागली व कोठें वाट सांपडली, याचा इतिहास प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्हांस केवळ ग्रंथांतून सुचलेला नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक बुद्धिमान विद्यार्थी होता. लेखी परीक्षेंत त्याचा क्रमांक नेहमीं वरचा. परंतु तोंडी परीक्षेचें नांव निघालें कीं त्याच्या हातापायांस कंप सुटे, घशास कोरड पडे, आणि येत असलेलें उत्तरहि ओठांवर येईना. एके दिवशीं तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, मला आंत जाववत नाहीं." आम्हीं त्याला म्हटलें, "अरे, घाबरण्यासारखें यांत आहे काय? परीक्षक कांहीं वाघ नव्हेत." तो ओशाळून हंसला, पण त्याची भीति तसूभरहि कमी झाली नाहीं. पुढें त्याची दया येऊन आम्हींच खटपट केली व त्याची एक तोंडी चांचणी टाळून दिली. त्या दिवशीं त्याच्या मुद्रेवर सुटकेची जी कळा दिसली ती पाहून आपल्या हातून एक सत्कृत्य घडलें असें आम्हांस वाटलें. परंतु पुढच्या खेपेस त्याची भीति दुप्पट झाली होती, आणि त्याच्या पुढच्या खेपेस तो आलाच नाहीं. त्यानें शिक्षण सोडल्याचें आम्हांस मागाहून कळलें. प्रथम कोरडी समजूत घालणें व मग प्रसंग टाळून देणें, या आमच्या दोन्ही गोष्टी किती चुकीच्या होत्या, हें या विषयाचा इतिहास वाचल्यावर आमच्या ध्यानांत आलें. तें ध्यानांत येण्यास फार उशीर झाला होता, ही खंत या लेखाच्या मुळाशीं आहे.

प्रथम भय आणि चिंता यांतील भेद पाहूं. समोर साप दिसला असतां छाती धडधडते, स्नायु ताठतात, श्वास जलद होतो, आणि मनुष्य उडी मारून बाजूस होतो. हें भय जीवाचें रक्षण करणारें आहे. तें नसतें तर मनुष्यजात उरलीच नसती. चिंतेंत शरीराचा हा सारा खटाटोप तसाच चालतो, पण साप मात्र समोर नसतो. तो उद्यां येईल, कदाचित् येईल, आला तर काय होईल, या विचारानेंच शरीर रणास उभें राहतें. गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनाची गात्रें गळाल्याचें, तोंड कोरडें पडल्याचें व हातांतून धनुष्य निसटूं लागल्याचें जें वर्णन आहे, तें वाचलें म्हणजे मनाच्या व्यथेचीं शरीरावर उमटणारीं चिन्हें आमच्या पूर्वजांनीं किती बारकाईनें पाहिलीं होतीं हें दिसून येतें. थोडी चिंता सर्वांसच असते, व ती उपयोगाचीहि असते. परंतु ती जेव्हां प्रसंगाच्या मानानें फार मोठी होते, महिनेच्या महिने हटत नाहीं, आणि मनुष्याला बाजारांत, कचेरींत, चारचौघांत जाऊं देत नाहीं, तेव्हां तिला व्याधीचें रूप येतें.

या व्याधीकडे पाश्चात्त्य वैद्यकानें प्रथम शरीराच्या बाजूनें पाहिलें. १८६९ सालीं न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनीं थकवा, धडधड, निद्रानाश व नाना प्रकारच्या भीति यांना एकत्र करून 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचें दौर्बल्य, या नांवाखालीं आणिलें. मनुष्याजवळ मज्जाशक्तीचा कांहीं ठराविक सांठा असतो व तो अतिखर्चानें आटतो, अशी त्यांची कल्पना. १८८१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं या खर्चाचीं कारणेंहि दिलीं: वाफेचीं यंत्रें, वृत्तपत्रें, तारायंत्र, शास्त्रांची वाढ आणि स्त्रियांचा बौद्धिक व्यवसाय! शेवटचें कारण वाचून आमच्या वाचक भगिनींस हंसूं येईल. परंतु आपलें युग हेंच सर्वांत दगदगीचें, असें प्रत्येक युगास वाटत आलें आहे. या यादींत आपल्या खिशांतला दूरध्वनि तेवढा घातला, कीं ती आजची म्हणून खपेल.

सांठा आटला असेल तर तो भरून काढावा, हा उपाय ओघानेंच आला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनीं 'विश्रांति-चिकित्सा' प्रसिद्धीस आणली. रोग्याला, विशेषतः स्त्रीरोग्याला, आप्तेष्टांपासून दूर ठेवून सहा ते आठ आठवडे बिछान्यावर निजवावयाचें, दूध व पौष्टिक अन्न भरपूर द्यावयाचें, अंग रगडावयाचें, वाचन, लेखन, शिवणकाम, सर्व बंद. कित्येक कृश रोग्यांना या उपचारानें बाळसें चढलें यांत शंका नाहीं. परंतु सर्वांचीच गोष्ट तशी नव्हती. १८८७ सालीं शार्लट पर्किन्स गिल्मन ही अमेरिकन लेखिका या चिकित्सेखालीं गेली. घरीं परततांना तिला जो उपदेश मिळाला त्याचा इत्यर्थ असा कीं, यापुढें जन्मांत लेखणी, कुंचला किंवा पेन्सिल हातीं धरूं नये. तिनें कांहीं महिने तो पाळला आणि तिचें मन वेडाच्या कडेलोटापर्यंत पोंचलें. शेवटीं तो उपदेश झुगारून ती पुन्हां कामास लागली तेव्हांच सांवरली. या अनुभवांतून तिनें लिहिलेली 'द यलो वॉलपेपर' ही कथा १८९२ सालीं प्रसिद्ध झाली. मनाच्या व्यथेंतून सुटण्यासाठीं मनुष्याला जगापासून काढून घेणें हा उपाय व्यथेपेक्षांहि जाचक ठरूं शकतो, याची ती कथा म्हणजे साक्षच होय.

व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड यांनीं १८९५ सालीं एका निबंधांत या गोंधळांतून चिंतेची व्याधि निराळी काढिली. सतत कांहींतरी अनिष्ट घडेल ही अपेक्षा, आणि मधून मधून येणारे धडधडीचे, श्वासाच्या कोंडीचे, घामाचे झटके, हें तिचें स्वरूप त्यांनीं स्पष्ट मांडिलें. त्याच वर्षीं त्यांनीं व योझेफ ब्रॉयर यांनीं मिळून लिहिलेल्या ग्रंथांत ब्रॉयर यांच्या एका रुग्ण स्त्रीची हकीकत आहे. आपल्या उपचाराला तिनेंच 'बोलण्याचा उपचार' असें नांव दिलें होतें. तेथून पुढें वैद्यानें ऐकावें व रोग्यानें बोलावें हा नवा शिरस्ता पडला. चिंतेच्या कारणांविषयीं फ्रॉइड यांचे सर्व सिद्धांत आज कोणी मान्य करीत नाहीं. परंतु त्यांनीं स्वतः पुढें दिलेली एक कबुली या इतिहासांत फार मोलाची आहे. रस्त्यावर एकट्यानें जाण्याची ज्यांना भीति वाटते अशा रोग्यांविषयीं त्यांनीं १९१८ सालीं बुडापेस्ट येथील व्याख्यानांत सांगितलें कीं, नुसत्या विश्लेषणानें भीति जाईल म्हणून वाट पाहत बसलें तर ती जात नाहीं. रोग्याला रस्त्यावर जाऊन तिच्याशीं झुंजण्यास प्रवृत्त करावें लागतें. बोलणें अवश्य, परंतु बोलण्याला पावलाची जोड हवी, हें बोलण्याच्या उपचाराच्या आद्य पुरस्कर्त्यानेंच मान्य केलें.

त्या वेळीं युरोपांत पहिलें महायुद्ध चाललें होतें, आणि भयाची परीक्षा खंदकाखंदकांतून होत होती. तोफांच्या भडिमारांत सांपडलेल्या हजारों सैनिकांचे हात थरथरूं लागले, वाचा बसली, झोंप उडाली. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत या विकाराला 'शेल-शॉक' हा शब्द छापून वापरला. या सैनिकांना भ्याड समजणारे पुष्कळ होते. लंडनच्या एका रुग्णालयांत लुइस यीलंड हे डॉक्टर मुक्या झालेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देत व बोलल्यावांचून खोलींतून सुटका नाहीं असें बजावीत. शिपाई बोलूं लागत. पण त्या बोलण्यांत भयाचा निरास किती व नव्या भयाचा जोर किती, हें सांगणें कठीण.

याच सुमारास स्कॉटलंडमध्यें एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथें अधिकाऱ्यांसाठीं उघडलेल्या युद्धरुग्णालयांत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे काम करीत होते. हे गृहस्थ आपल्याकडील जाणत्यांना अगदींच अपरिचित नाहींत. १९०१-०२ मध्यें निलगिरींत राहून त्यांनीं तोडा लोकांचा अभ्यास केला व १९०६ सालीं त्यांजवर मोठा ग्रंथ लिहिला. ते स्वतः बोलतांना अडखळत. त्यामुळें न बोलवणाऱ्या माणसाची अडचण त्यांना घरचीच होती. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला वडीलधाऱ्यांनीं, मित्रांनीं व डॉक्टरांनीं एकच उपदेश केलेला असे: झालें तें विसर, मन दुसरीकडे लाव, तो विषयच काढूं नकोस. ते बिचारे दिवसभर आठवण दाबून धरीत, आणि रात्रीं ती दुप्पट वेगानें स्वप्नांत उसळून येई. हें दडपणेंच रोग पोसतें, असें रिव्हर्स यांनीं ४ डिसेंबर १९१७ रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढें वाचलेल्या निबंधांत साधार दाखविलें.

त्या निबंधांतील एक उदाहरण असें. एका अधिकाऱ्याचा जिवलग मित्र तोफगोळ्यानें छिन्नविच्छिन्न झाला व त्याचें कलेवर यालाच सांपडलें. रोज रात्रीं तें दृश्य दिसे व तो घामाघूम होऊन जागा होई. रिव्हर्स यांनीं त्याला विसरण्यास सांगितलें नाहीं. उलट त्यांनीं त्या भयंकर दृश्याकडेच पाहण्यास सांगून एक गोष्ट लक्षांत आणून दिली: देहाची ती अवस्थाच सांगते कीं मरण तात्काळ आलें; मित्राला तडफडावें लागलें नाहीं. या विचाराला धरून तो अधिकारी त्या आठवणीकडे दिवसां पाहूं लागला. पुढें कांहीं रात्रीं शांत गेल्या. मग एका स्वप्नांत तो मित्राच्या देहाजवळ बसून त्याच्याशीं बोलला, आणि जागा झाला तेव्हां त्याला दुःख होतें, पण भय नव्हतें. रिव्हर्स यांनीं आपलें अपयशहि लपविलें नाहीं. दुसऱ्या एका अधिकाऱ्याची आठवण अशी होती कीं तिच्यांत धरण्यासारखा सांत्वनाचा एकहि धागा सांपडेना. तेव्हां त्यांनीं आग्रह सोडला व त्याला सैन्य सोडून, पूर्वीं ज्या स्थितींत बरें वाटत असे तशा ग्रामजीवनाकडे परतण्याचा सल्ला दिला. सत्याला सामोरें जावें, पण तें पेलेल अशा रीतीनें आणि कोणाच्या तरी सोबतीनें, हा या निबंधाचा सारांश म्हणतां येईल.

रिव्हर्स यांना जें रणांगणावरून परतलेल्या प्रौढांत दिसलें, तें पुढील कांहीं वर्षांत अमेरिकेंत लहान मुलांच्या खेळाच्या खोलींत दिसून आलें. १९२० सालीं जॉन वॉट्सन व रोझली रेनर यांनीं एका अकरा महिन्यांच्या बालकावर प्रयोग केला. बालक पांढऱ्या उंदराला हात लावूं लागलें कीं मागें लोखंडी कांबीवर हातोडा मारून दचकविणारा आवाज करावयाचा. थोड्याच वेळांत मूल नुसत्या उंदरालाच भिऊं लागलें, आणि मग सशाला व इतर केसाळ वस्तूंनाहि. भय शिकवितां येतें हें यानें सिद्ध झालें. पण शिकविलेलें भय काढून न टाकतांच प्रयोग संपला. या निष्ठुरपणाबद्दल त्या प्रयोगकर्त्यांस आज कोणी क्षमा करीत नाहीं.

मग शिकलेलें भय विसरतांहि येईल काय? हा प्रश्न मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेनें हातीं घेतला. तिच्यापुढें पीटर नांवाचें दोन वर्षें दहा महिन्यांचें मूल आलें. त्याला ससा, पांढरा उंदीर, लोकरीचा कोट, फार काय, कापसाचीहि भीति वाटे. जोन्स बाईंनीं त्याला सशाला न भिणाऱ्या मुलांबरोबर खेळावयास ठेविलें. पुढें तो आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतला ससा खोलीच्या दूरच्या टोंकाशीं आणावयाचा, आणि तो रडणार नाहीं इतकाच रोज थोडा थोडा जवळ सरकवावयाचा, असा क्रम ठेविला. मध्यंतरीं मोठें विघ्न आलें. पीटरला आरक्तज्वर होऊन तो दोन महिने आला नाहीं, आणि रुग्णालयांतून निघतांना एक मोठा कुत्रा अंगावर धांवून आल्यानें सारी भीति परतली. बाईंनीं पुन्हां पहिल्या पायरीपासून आरंभ केला. अखेरीस पीटरनें सशाला मांडीवर घेतलें व आपलीं बोटें त्याला कुरतडूं दिलीं.

१९२४ सालींच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका निबंधांत जोन्स बाईंनीं मुलांची भीति घालविण्याच्या नाना उपायांची तुलना केली आहे, आणि आईबापांनीं व आम्हां शिक्षकांनीं ती मुद्दाम वाचावी अशी आहे. भीतीची वस्तु नजरेआड ठेवून काळ जाऊं देणें, शब्दांनीं समजूत घालणें, चारचौघांत चिडविणें, लक्ष दुसरीकडे वेधणें, या उपायांचा भरंवसा धरतां आला नाहीं. निःसंशय यश दोनच उपायांना आलें: प्रिय वस्तूच्या संगतींत भीतीची वस्तु हळूहळू जवळ आणणें, आणि न भिणाऱ्या मुलांची सोबत देणें. हें वाचतांना आमचा तो विद्यार्थी आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. 'परीक्षक कांहीं वाघ नव्हेत' ही शब्दांची समजूत होती, आणि थोडी थट्टाहि होती. तोंडी चांचणी टाळून देणें म्हणजे वस्तु नजरेआड करणें होतें. जे उपाय १९२४ सालींच अपुरे ठरले होते, नेमके तेच आम्हीं मोठ्या सद्‌हेतूनें योजिले होते.

टाळण्यानें भीति कां वाढते, याची उपपत्ति सोपी आहे. भीतीच्या जागेंतून पळ काढतांच जीवाला जो थंडावा मिळतो, तोच पळण्याचें बक्षीस होतो. मनास वाटतें, पळालों म्हणून वांचलों. वास्तविक तेथें थांबलों असतों तर कांहींच झालें नसतें, हें शिकण्याची संधीच त्या मनुष्याला मिळत नाहीं. उलट तो तेथें पुरेसा वेळ थांबला, पुन्हां पुन्हां गेला, तर धडधड चढते, शिखरास पोंचते आणि बहुधा ओसरूंहि लागते. आणि आपल्याला वाटत होता तो अनर्थ घडला नाहीं, ही गोष्ट शरीराला अनुभवानें कळते. शब्दांनीं जें पटत नाहीं तें असें पटतें.

या तत्त्वाला शास्त्रशुद्ध पद्धतीचें रूप दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनीं दिलें. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याचे डॉक्टर असतां औषधाच्या गुंगींत सैनिकांकडून आठवणी वदवून घेण्याचा उपचार त्यांनीं पाहिला होता, आणि तो टिकत नाहीं असें त्यांना आढळलें होतें. पुढें मांजरांवर प्रयोग करून, व जोन्स बाईंच्या प्रयोगाचा धागा धरून, त्यांनीं १९५८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची रीत अशी: रोग्याला प्रथम स्नायु शिथिल करण्यास शिकवावें, मग त्याच्या भीतीच्या प्रसंगांची, अगदीं सौम्यापासून अतिभयंकरापर्यंत, शिडी तयार करावी, आणि शिथिल अवस्थेंत एकेक पायरी मनांत आणावयास सांगावी. एक पायरी निर्भय झाल्यावांचून दुसरीवर पाय ठेवावयाचा नाहीं. पुढील संशोधकांना असें आढळलें कीं स्नायूंची शिथिलता नसली तरी चालतें. प्रत्यक्ष प्रसंगास सामोरें जाणें हाच उपचाराचा गाभा.

तथापि मनुष्य म्हणजे मांजर नव्हे; तो भिण्यापूर्वीं स्वतःशीं कांहीं बोलत असतो. या अंतर्गत बोलण्याकडे दोघां अमेरिकनांनीं लक्ष वेधलें. न्यूयॉर्कचे आल्बर्ट एलिस यांना तरुणपणीं अनोळखी स्त्रियांशीं बोलण्याची विलक्षण धास्ती होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं त्यांनीं महिनाभर रोज बागेंत जाऊन बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली कीं तिच्याशीं सभ्यपणें संभाषण सुरू करावयाचें, असा नेम धरिला. त्यांतून विवाह तर जुळला नाहींच. पण आकाशहि कोसळलें नाहीं, आणि धास्ती गेली. मनुष्याला घटना क्लेश देत नाहींत, घटनांविषयींचीं मतें क्लेश देतात, हें ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचें मत आधाराला घेऊन १९५५ च्या सुमारास एलिस यांनीं आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धति मांडिली. मुंबईचे कि. मो. फडके यांनीं एलिस यांच्याशीं दीर्घकाळ पत्रव्यवहार ठेवून ही पद्धति आपल्याकडे रुजविली, आणि अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकानें ती मराठी वाचकांच्या घरांत पोंचविली.

दुसरे फिलाडेल्फियाचे ऍरन बेक. ते मूळचे फ्रॉइडपंथीय. रोगी मोकळेपणानें बोलत असतांहि त्याच्या मनांत विचारांचा दुसरा एक प्रवाह चाललेला असतो, आपलें बोलणें या डॉक्टरांना कंटाळवाणें होत असेल, अशा जातीचा, हें त्यांच्या ध्यानांत आलें. हे विचार आपोआप येतात, क्षणांत जातात, आणि मागें चिंता ठेवून जातात. ते कागदावर लिहून काढावे, आणि न्यायाधीशानें साक्षीपुराव्याची छाननी करावी तशी त्यांची छाननी रोग्यानें व वैद्यानें मिळून करावी: हें खरें कशावरून? याहून दुसरा अर्थ संभवतो काय? समजा घडलेंच, तर मी काय करीन? १९७६ व १९८५ सालच्या ग्रंथांत बेक यांनीं ही रीत विस्तारानें सांगितली. इंग्लंडांत डेव्हिड क्लार्क यांनीं १९८६ सालीं अकस्मात् येणाऱ्या भयाच्या झटक्यांना ती लाविली. छातींत धडधडलें कीं रोगी म्हणतो, 'हृदय बंद पडणार'. या विचारानें धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड विचाराला पुरावा पुरविते. असें हें रहाटगाडगें थांबविण्यासाठीं उपचारक रोग्याकडून मुद्दाम जलद श्वास घेववितो. तींच लक्षणें आपण होऊन आणतां येतात व तीं आपोआप ओसरतात, हें पाहिल्यावर हृदयाविषयींची समजूत ढासळूं लागते. विचारांची छाननी व भीतीला क्रमानें सामोरें जाणें या दोहोंचा संयोग आज चिंतेच्या बाबतींत सर्वांत अधिक पारखला गेलेला मानसोपचार आहे. इंग्लंडच्या सरकारनें २००८ पासून असे उपचार सार्वजनिक आरोग्यसेवेंत सामान्य नागरिकाला मिळावे म्हणून मोठी योजना चालविली आहे.

येथें वाचक म्हणतील, हें सारें श्रीमंत देशांचें झालें. आमच्याकडे इतके तज्ज्ञ आहेत कोठें? या शंकेला आमच्या शेजारच्या गोव्यानें उत्तर दिलें आहे. तेथें १९९६ सालीं स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेच्या मदतीनें डॉक्टर विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'मानस' नांवाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० सालीं 'लॅन्सेट'मध्यें आले. २४ दवाखाने त्यांत होते, निम्मे सरकारी व निम्मे खासगी. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना शिकवून तयार केलें व त्यांनीं खिन्नता व चिंता यांनीं ग्रासलेल्या रोग्यांना व्याधीचें स्वरूप समजावणें, श्वसनाचे व्यायाम शिकविणें, नात्यांतील अडचणींवर बोलणें अशीं कामें केलीं; जरूर तेथें डॉक्टर औषध देत व तज्ज्ञ देखरेख ठेवीत. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनंतर या व्यवस्थेखालील रोग्यांपैकीं शेंकडा सुमारे ६६ बरे झालेले आढळले. नेहमींच्या व्यवस्थेंत तें प्रमाण शेंकडा सुमारे ४२ होतें. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाहीं. तेथें नेहमींच्या व्यवस्थेंतहि बरे होणारे जवळजवळ तितकेच होते. प्रयोगाचे दोन्ही निकाल सारख्याच प्रामाणिकपणें सांगितले गेले, हें विशेष. गरीबाच्या दवाखान्यांत, जेथें डॉक्टरला दोन मिनिटांहून अधिक वेळ नसतो, तेथें शांतपणें ऐकून घेणाऱ्या व वाट दाखविणाऱ्या माणसाची किंमत किती, हें यावरून कळतें.

या विद्येच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. मानसोपचार म्हणजे मंत्र नव्हे. तो सर्वांना सारखा लागू पडत नाहीं. कांहींना औषधाची जोड लागते, आणि तें घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. कंठस्थ ग्रंथीच्या विकारासारख्या शारीरिक कारणांनींहि धडधड व कंप होतो, म्हणून आधीं डॉक्टरला दाखवावें. ज्याची चिंता रिकाम्या डब्याची किंवा सावकाराच्या तगाद्याची आहे, त्याला विचारांची छाननी करावयास सांगून भागत नाहीं. तेथें खरा साप समोर आहे. शिडी चढविण्याचें कामहि जाणत्यानेंच करावें. एखाद्याला भीतीच्या डोहांत एकदम ढकलून देणें हा उपचार नव्हे, तो यीलंडच्या विजेचाच दुसरा प्रकार होय. तज्ज्ञाची गांठ पडणें ज्यांना कठीण, त्यांच्यासाठीं भारत सरकारनें २०२२ सालीं 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनहि बोलतां येतें.

आमच्या घरांतून सायंकाळीं मुलांकडून मनाचे श्लोक म्हणवून घेण्याची चाल होती. समर्थांनीं त्या २०५ श्लोकांत मनाला 'मना' म्हणून हांक मारून त्याच्याशीं संवाद केला आहे. मनाला विषय करून त्याच्याशीं बोलतां येतें, त्याचें म्हणणें प्रत्येक वेळीं खरें धरण्याचें कारण नाहीं, ही जाण आमच्या भाषेला नवी नाहीं. नव्या विद्येनें तिला दोन गोष्टींची जोड दिली: एक, पायरीपायरीनें केलेली कृति, दुसरी, ती कृति करतांना शेजारीं असलेला माणूस. बिअर्डपासून गोव्यापर्यंतच्या इतिहासाचें तात्पर्य आम्हांस इतकेंच दिसतें कीं, भिणाऱ्याला भीतीपासून दूर नेणारा त्याचा हितकर्ता नव्हे, आणि त्याला एकट्यालाच पुढें लोटणाराहि नव्हे. त्याच्याबरोबर त्याला झेपेल तितकें एकेक पाऊल टाकणारा, आणि मध्येंच कुत्रा धांवून आला तर न रागावतां पुन्हां पहिल्या पायरीपासून आरंभ करणारा, तोच खरा हितकर्ता.

गेल्या कांहीं वर्षांत तोंडी परीक्षेला भिणारे आणखी विद्यार्थी आमच्याकडे आले. आतां आम्ही त्यांना वाघाची गोष्ट सांगत नाहीं. त्यांची वाट अधिक जाणणाऱ्या समुपदेशकाकडे आम्ही त्यांना पाठवितों. आणि त्यांच्या शिडीवरची एखादी पायरी आमच्या खोलींतली असेल, तर ती चढण्यास त्यांना बोलावितों. प्रथम आमच्यासमोर एकच प्रश्न. मग दोन मित्रांदेखत तीन. मग फळ्यापाशीं उभें राहून. कोणी लौकर चढतो, कोणी दोनदां घसरतो. परंतु तो जो पहिला विद्यार्थी आमच्या दारांतून 'आंत जाववत नाहीं' म्हणून परत गेला, त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत चार पावलें चालण्यास आम्हांस कोणती अडचण होती, या प्रश्नाचें उत्तर आम्हांला अद्यापि देतां आलेलें नाहीं.